फिलाडेल्फियाची स्मारके : आख्यायिका, पुरावा आणि इतिहासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात पेनसिल्व्हेनिया हे राज्य व त्यातील फिलाडेल्फिया हे शहर यांना अनन्यसाधारण स्थान आहे. १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात संमत झाला. १७८७ मध्ये संघराज्याची राज्यघटना येथेच सिद्ध झाली. १७९० ते १८०० या दशकात नव्या राष्ट्राची राजधानीही येथेच होती. २०२६ हे त्या जाहीरनाम्याचे २५० वे वर्ष. त्या निमित्ताने या शहरातील वास्तूंकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वळणे स्वाभाविक आहे.

या शहराविषयीची काही विधाने सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून व पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. विल्यम पेनने एल्म वृक्षाखाली मूळ रहिवाशांशी करार केला. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्यघंटा वाजली. पहिला राष्ट्रध्वज बेट्सी रॉस हिने शिवला. या तिन्ही विधानांच्या पाठीशी समकालीन लेखी पुरावा नाही. तथापि पुरावा नाही म्हणून ती टाकून देणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. एखादी आख्यायिका प्रथम कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि त्या काळी तिची गरज कोणाला होती, हे प्रश्न विचारले की आख्यायिकाच इतिहासाचे साधन बनते. स्थळ जुने असते, परंतु त्याचे स्मारकत्व पुढच्या पिढ्यांनी, बहुधा संघर्षातून, घडविलेले असते. फिलाडेल्फियातील काही प्रमुख स्मारकांच्या आधारे हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सनद, वसाहत आणि एका वृक्षाची कथा

१६८१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने विल्यम पेन यास डेलावेअर नदीच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशाची सनद दिली. पेनचे वडील आरमाराचे सेनानी होते आणि राजघराण्याकडे त्यांचे सुमारे १६,००० पौंडांचे येणे होते. ते ऋण या सनदेने फिटले. 'पेनचे वन' अशा अर्थाचे प्रदेशाचे नाव राजाने या सेनानीच्या गौरवार्थ ठेवले होते. स्वतः पेनला आपल्या आडनावाचा असा वापर रुचला नव्हता.

पेन क्वेकर पंथाचा अनुयायी होता. इंग्लंडमध्ये या पंथाचा छळ होत होता. त्यामुळे नव्या वसाहतीत धर्मस्वातंत्र्याला त्याने प्रथम स्थान दिले. १६८२ मध्ये वसविलेल्या राजधानीला त्याने 'बंधुप्रेम' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. भूमापक टॉमस होम याने तिचा काटकोनी रस्त्यांचा व पाच चौकांचा आराखडा तयार केला. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन ही वृक्षांची नावे आजही तेथील रस्त्यांना आहेत.

पेन व लेनापी लोक यांच्यात शॅकमॅक्सन येथे एका एल्म वृक्षाखाली मैत्रीचा करार झाला, अशी परंपरा आहे. या कराराचा मूळ दस्तऐवज उपलब्ध नाही. हा प्रसंग जगाला ठाऊक झाला तो मुख्यतः चित्रकार बेंजामिन वेस्ट याच्या १७७१-७२ मधील चित्रामुळे. हे चित्र पेनचा मुलगा टॉमस पेन याने काढवून घेतले होते. ('कॉमन सेन्स'चा कर्ता टॉमस पेन तो हा नव्हे.)

या टॉमसच्याच कारकिर्दीत, १७३७ मध्ये, लेनापींची भूमी हिरावून घेणारा व्यवहार घडला. १६८६ च्या एका कथित कराराचा आधार घेऊन, माणूस दीड दिवसात जितके अंतर चालेल तितकी भूमी आपली, असा दावा करण्यात आला. प्रत्यक्षात वाट आधीच मोकळी करून ठेवली होती आणि वेगाने चालणारी माणसे मुद्दाम नेमली होती. त्यांपैकी एकाने साठ मैलांहून अधिक अंतर कापले. सुमारे १२ लाख एकर भूमी लेनापींच्या हातून गेली. वडिलांच्या न्यायबुद्धीचे चित्र काढवून घेणारा मुलगा आणि हा व्यवहार करणारा मुलगा एकच आहे. १८१० च्या वादळात तो एल्म वृक्ष कोसळला, तेव्हा लोकांनी त्याच्या लाकडाच्या स्मृतिवस्तू करून घेतल्या. वृक्षाचे अवशेष जपले गेले. भूमी मात्र परत मिळाली नाही.

पेन स्वतः गुलामांचा मालक होता, हेही नोंदविले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन येथे चार रहिवाशांनी गुलामगिरीचा निषेध करणारे निवेदन आपल्या पंथसभेला सादर केले. ते वरच्या सभांकडे जात जात अखेर बाजूला पडले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक पंथसभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी.

राज्यगृहाचे स्वातंत्र्यभवन कसे झाले

आज 'इंडिपेंडन्स हॉल' म्हणून ओळखली जाणारी विटांची इमारत मुळात पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी बांधलेले राज्यगृह होय. तिचे बांधकाम १७३२ मध्ये सुरू झाले. या इमारतीत २ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि ४ जुलै रोजी जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला. ८ जुलै रोजी तो राज्यगृहाच्या प्रांगणात जाहीरपणे वाचण्यात आला. बहुतेक प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या त्या २ ऑगस्टला. एकाच दिवसाचा उत्सव होत असला तरी घटना महिनाभराची आहे, हे अध्यापनात सांगणे उपयुक्त ठरते.

१७९९ मध्ये राज्याची राजधानी लँकेस्टरला गेली व पुढे १८१२ मध्ये हॅरिसबर्ग येथे स्थिरावली. मागे उरलेल्या राज्यगृहाला फारशी किंमत राहिली नाही. चार्ल्स विल्सन पील याचे वस्तुसंग्रहालय काही वर्षे तेथे होते. १८१६ मध्ये तर राज्य शासनाने ही मालमत्ता भूखंड पाडून विकण्याचा विचार केला. अखेर शहराने ७०,००० डॉलर देऊन ती विकत घेतली. १८२४ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या भेटीच्या वेळी जाहीरनाम्याच्या दालनाची डागडुजी झाली, आणि त्या दालनाचा 'स्वातंत्र्याचे दालन' असा उल्लेख रूढ होऊ लागला. म्हणजे जाहीरनाम्यानंतर जवळपास अर्धे शतक ही वास्तू स्मारक नव्हती.

या वास्तूचा आणखी एक अध्याय माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो. १८५० च्या पलायित गुलामविषयक कायद्यानंतर तिच्या वरच्या मजल्यावर संघीय मार्शलचे कार्यालय होते. पळून आलेल्या गुलामांच्या सुनावण्या तेथे होत असत. सर्व माणसे समान आहेत असे ज्या दालनातून घोषित झाले, त्याच्याच वरच्या मजल्यावर माणसे मालकाच्या हवाली करण्याचे निर्णय होत होते. पंधरा वर्षांनी, एप्रिल १८६५ मध्ये, अब्राहम लिंकन यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच इमारतीत ठेवण्यात आले. १९७९ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

घंटेचे तीन अर्थ

पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १७५१ मध्ये लंडनहून एक घंटा मागविली. १७५२ मध्ये ती आली आणि चाचणीतच तडकली. पास व स्टो या स्थानिक कारागिरांनी ती वितळवून दोनदा नव्याने ओतली. तिचे वजन सुमारे ९४० किलो आहे. घंटेवर बायबलच्या जुन्या करारातील स्वातंत्र्यघोषणेचे एक वचन कोरलेले आहे. असे असले तरी समकालीनांच्या दृष्टीने ती राज्यगृहाची घंटा होती, याहून अधिक काही नव्हे.

४ जुलै १७७६ रोजी ती वाजली ही कथा जॉर्ज लिपर्ड या लेखकाने १८४७ मध्ये प्रसिद्ध केली. मनोऱ्यात वाट पाहणारा वृद्ध घंटावाला आणि त्याला खूण करणारा मुलगा ही त्याच्या कल्पनेची निर्मिती होय. जाहीरनामा त्या दिवशी जाहीरपणे वाचलाही गेला नव्हता, हे वर आलेच आहे.

या घंटेला 'लिबर्टी बेल' हे नाव प्रथम मिळाले ते १८३५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या नियतकालिकात. वचन सर्व रहिवाशांच्या स्वातंत्र्याचे असताना लाखो माणसे बंधनात कशी, हा त्या नावामागचा प्रश्न होता. तात्पर्य, जे नाव आज राष्ट्राच्या गौरवाचे म्हणून उच्चारले जाते, ते आरंभी राष्ट्रावरील आरोपाचे नाव होते. अशा आरोपाची किंमतही मोजावी लागे. मुक्त चर्चेसाठी बांधलेले 'पेनसिल्व्हेनिया हॉल' हे सभागृह १४ मे १८३८ रोजी खुले झाले. गुलामगिरीविरोधी सभा तेथे होतात म्हणून १७ मे रोजी जमावाने ते जाळून टाकले.

फेब्रुवारी १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त वाजविली असता घंटेची तडा इतकी वाढली की ती पुन्हा वाजू शकली नाही. छायाचित्रांत दिसणारी रुंद फट ही खरे तर दुरुस्तीची खूण आहे. कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून ती मुद्दाम रुंद केलेली होती. यादवी युद्धानंतर घंटेचा दुसरा अर्थ पुढे आला. १८८५ ते १९१५ या काळात तिला रेल्वेने देशभर फिरविण्यात आले. उत्तर व दक्षिण यांच्या मनोमीलनाचे प्रतीक म्हणून तिचे स्वागत झाले आणि नावामागचा गुलामगिरीविरोध मागे पडला. तिसरा अर्थ स्त्रियांनी दिला. पेनसिल्व्हेनियातील मताधिकारवादी स्त्रियांनी १९१५ मध्ये तिची प्रतिकृती ओतवून घेतली व तिचा लोलक साखळीने बांधून ठेवला. १९२० मध्ये मताधिकार मिळाल्यावर ती साखळी सोडण्यात आली.

ध्वजाची कथाही याच काळाच्या संदर्भात वाचावी लागते. बेट्सी रॉस हिने वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून पहिला ध्वज शिवला, हे तिच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे सुमारे एका शतकाने, प्रथम जाहीरपणे सांगितले. ती ध्वज शिवत असे, हे मात्र खरे आहे. १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या आरमारी मंडळाने तिला जहाजांच्या निशाणांसाठी पैसे दिल्याची नोंद आहे. आख्यायिकेने एका कष्टकरी कारागीर स्त्रीला राष्ट्राची शिवणकाम करणारी आजी बनविले आणि तिचा व्यवसाय झाकून टाकला.

राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान

फिलाडेल्फिया राजधानी असताना जॉर्ज वॉशिंग्टन व जॉन ॲडम्स हे राष्ट्राध्यक्ष मार्केट स्ट्रीटवरील एका घरात राहत. वॉशिंग्टनने माउंट व्हर्नन येथून एकंदर नऊ गुलाम येथे आणले होते. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये क्रमशः गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला होता. त्यानुसार बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने सलग राज्यात राहिल्यास मुक्तीचा हक्क सांगू शकत असे. काँग्रेसच्या सदस्यांना या तरतुदीतून सूट होती; राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख नव्हता. ही मुदत भरू नये म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना अधूनमधून राज्याबाहेर पाठवीत असे. मे १७९६ मध्ये ओना जज ही तरुणी या घरातून निसटली व न्यू हॅम्पशायरला पोहोचली. १८४० च्या दशकात तिने वृत्तपत्रांना आपली हकिगत सांगितली. १८४८ मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती पलायित गुलामच होती.

हे घर १८३२ मध्ये बहुतांशी पाडले गेले. त्याच्या नेमक्या जागेचा तपशीलवार पुरावा एडवर्ड लॉलर या संशोधकाने जानेवारी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका इतिहासविषयक नियतकालिकात मांडला. स्वातंत्र्यघंटेसाठी नवे दालन तेव्हा बांधले जात होते. त्याचे प्रवेशद्वार गुलामांच्या निवासाच्या जागेला अगदी लागून येत असल्याचे या लेखातून उघड झाले. घंटा पाहण्यास येणारा प्रत्येक जण त्या जागेजवळून जाणार आणि तिची खूण कोठेही नसणार, या वस्तुस्थितीने आफ्रिकी-अमेरिकी समाज संघटित झाला. २००७ मध्ये उत्खनन झाले. घराचा पाया आणि स्वयंपाकघर व मुख्य घर यांना जोडणारा भुयारी मार्ग उजेडात आला. डिसेंबर २०१० मध्ये त्या नऊ जणांच्या नावांसह तेथे स्मारक खुले झाले. एका संशोधनपर लेखाने शहराचा स्मृतिनकाशा बदलावा, हे अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न एकदाचा मिटला असे मात्र नाही. जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या २५० व्या वर्षाच्या आरंभीच, संघ शासनाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने या स्थळावरील गुलामगिरीविषयीचे माहितीफलक काढले, आणि त्याविरुद्ध शहर शासनाने संघीय न्यायालयात धाव घेतली. घरात कोण राहत होते याविषयी वाद नव्हता. ते भिंतीवर लिहावे की नाही, हा वाद होता.

नगरभवन आणि दोन पुतळे

१८७१ ते १९०१ या काळात बांधलेल्या नगरभवनाच्या शिखरावर विल्यम पेनचा ३७ फूट उंचीचा पुतळा आहे. ५४८ फूट उंचीची ही वास्तू १९०८ पर्यंत जगातील सर्वांत उंच वापरातील इमारत होती. पेनच्या टोपीहून उंच काही बांधू नये, हा शहरातील अलिखित संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला. तो मोडल्यापासून शहराचे संघ अजिंक्यपदाला मुकले, असा विनोदी समज रूढ झाला. २००७ मध्ये एका नव्या गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर पेनची चिमुकली मूर्ती बसविली गेली आणि २००८ मध्ये शहराच्या बेसबॉल संघाने अजिंक्यपद पटकावले.

या विनोदाशेजारी एक गंभीर वस्तुस्थिती ठेवली पाहिजे. 'रॉकी' या चित्रपटमालिकेतील काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा १९८२ च्या चित्रपटासाठी शहरात आला व २००६ मध्ये कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी बसविला गेला. ऑक्टेव्हियस कॅटो हा मात्र खराखुरा शिक्षक होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थेत तो शिकवीत असे. ट्रामगाड्यांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तो अग्रभागी होता आणि १८६७ मध्ये राज्याने असा भेद बेकायदा ठरविला. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, मतदानाच्या दिवशी, त्याची भररस्त्यात गोळी घालून हत्या झाली. आरोपी निर्दोष सुटला. कॅटोचा पुतळा नगरभवनाशेजारी उभा राहिला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. शहराच्या सार्वजनिक जागेवर एकट्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तीला समर्पित असा हा पहिलाच पुतळा होय.

महाराष्ट्राचा संबंध

स्वातंत्र्य कोणाचे, हा या स्मारकांतून पुनःपुन्हा उमटणारा प्रश्न महाराष्ट्रातही विचारला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे तेरा वर्षांनी फिलाडेल्फियाशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष दुवा जुळला.

१८५० मध्ये तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले होते. त्या महाविद्यालयाच्या वाट्यालाही विरोध आला. नोव्हेंबर १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात अध्यापन-वर्गाला आलेल्या विद्यार्थिनींची पुरुष विद्यार्थ्यांनी उघड हेटाळणी केली. याच महाविद्यालयात १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी प्रवेश घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून उपस्थित राहिल्या. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयक इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथेच प्रसिद्ध झाले आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक १८८९ चे.

येथे आपल्याही एका प्रचलित विधानाची तपासणी करणे उचित ठरेल. आनंदीबाईंचा उल्लेख 'भारतातील पहिल्या महिला डॉक्टर' असा सर्रास होतो. परंतु १८८६ मध्येच कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्यास वैद्यकीय अर्हता मिळविली व पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाल्याने त्यांना ते काम करता आले नाही. 'पहिली' या एका शब्दात दोघींचे जीवन मावत नाही. तो शब्द बाजूला ठेवला तर एकीचे धाडस व दुसरीचे कार्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, घटना व तिचे स्मारक यांत बहुधा मोठे कालांतर असते आणि स्मारक हे घटनेइतकेच आपल्या निर्मितिकाळाविषयी बोलते. दुसरा निष्कर्ष मालकीविषयीचा आहे. स्मारकाचा अर्थ कोणा एकाच्या मालकीचा नसतो. राज्यगृहाच्या घंटेला विधिमंडळाने विकत घेतले, परंतु तिचे नाव गुलामगिरीविरोधकांनी ठेवले. तिसरा असा की, स्मारकावरील मौन हाही पुरावाच असतो. ओना जजचे नाव ज्या जागी दोनशे वर्षे नव्हते, ती रिकामी जागाही इतिहासाच्या अभ्यासकाने वाचावयाची असते.

आपल्या महाविद्यालयांतून अमेरिकेचा इतिहास शिकविताना सनावळ्या व सामान्यज्ञान यांना पूर्णतः फाटा देता येणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. विद्यार्थी परीक्षेसाठी जे वाक्य पाठ करतो, त्या वाक्यापुढे 'हे प्रथम कोणी व केव्हा सांगितले' एवढा एक प्रश्न जोडला तरी पुरेसे आहे. हाच प्रश्न त्याला आपल्या गावातील किल्ला, पुतळा व नामफलक यांच्याविषयीही विचारता येईल. परक्या देशाचा इतिहास शिकविण्याचे सर्वांत मोठे प्रयोजन कदाचित हेच होय.